डायल मी खरवडला नाही

गिऱ्हाइकाने कापडातून काढलं ते जपानी लढाऊ विमानातलं घड्याळ होतं. सेइकोशा या जपानी घड्याळ कंपनीचं, पाठीवर तारा. तारा म्हणजे भूदल. नौदलाचं असतं तर नांगर असता. गिऱ्हाइकाचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, १९४४ साली इंफाळच्या लढाईत होते. ते पटण्यासारखं होतं, त्या आघाडीवर जपानी भूदलाचीच विमानं उडत. बाजारात मात्र असलं प्रत्येक घड्याळ ‘कामिकाझे’चं, म्हणजे आत्मघाती वैमानिकाचं, म्हणून खपवतात. लोकही त्यालाच जास्त पैसे मोजतात. संताप येतो.

मशीन अस्सल. तेलाचा डिंक झालेला, मुख्य स्प्रिंग थकलेली, पण बॅलन्सचा, म्हणजे झुलत्या चाकाचा, स्टाफ (आस) शाबूत. धुऊन, नवी स्प्रिंग घालून चावी दिली तर बॅलन्स पहिल्या झटक्यात मोकळा झुलला. असं काम हातून झालं की दिवस सार्थकी लागतो.

गिऱ्हाइकाला हवी होती ती चमक. “आकडे पूर्वीसारखे अंधारात दिसू द्या. मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवायचंय.”

आकड्यांवरचा तो तपकिरी रंग रेडियम या किरणोत्सर्गी धातूचा आहे. रेडियम निम्मं व्हायला सोळाशे वर्षं लागतात. ऐंशी वर्षांत जेमतेम तीन-चार टक्के कमी होतं. विझतं ते रंगातलं झिंक सल्फाइड, म्हणजे चमकणारी पूड, रेडियमच्या किरणांच्या माऱ्याने. म्हणजे काळा पडलेला डायलही पूर्वीइतकाच जहाल. रंगाचा भुगा होतो, श्वासातून आत गेला की हाडांत बसतो. अमेरिकेत डायल रंगवणाऱ्या मुली ओठांनी ब्रशाला टोक काढत. त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली. म्हणून मी हातमोजे घालतो, ओल्या कापसाने टिपतो, फुंकर कधीच मारत नाही. डायलला हात लावला नाही.

नेमोतो ही जपानी कंपनी १९४१ साली असले डायल रंगवण्यासाठीच निघाली. त्याच कंपनीने १९९३ साली किरणोत्सर्ग नसलेला ल्युमिनोव्हा हा अंधारात चमकणारा रंग आणला. तो लावता येतो, पण आधी जुना रंग खरवडावा लागतो. मी नाही म्हणालो. मुलाच्या टेबलावर तर ठेवूच नका, काचेच्या कपाटात ठेवा, असंही सांगितलं.

“मग दुसरीकडे करून घेतो,” म्हणाले आणि पैसे देऊन गेले.

ते दुसरीकडे मला माहीत आहे. तिथे खरवडण्याची कामं सतरा-अठरा वर्षांचा पोरगा करतो, ब्लेडने, पंख्याखाली. मालकाला फोन केला. “रेडियम पूर्वी सगळ्याच घड्याळांना असायचं हो,” म्हणून त्याने विषय मिटवला. संध्याकाळी हातमोज्यांचं खोकं घेऊन गेलो आणि मालकासमोरच त्या पोराला सगळं समजावलं. त्याने मान डोलावली. घड्याळ तोवर त्याच्या टेबलावर उघडून ठेवलेलं होतं.