ओट्यावरचा ओव्हन आणि बिडाचा तवा

रविवार, रात्री साडेदहा

आज नानकटाई जमली. म्हणजे खरंच जमली, वरून फिकट, खालून एकसारखी बदामी, मधे ती भेग पडते ना तशी भेग, आणि तोंडात टाकली की विरघळतेय. घरभर अजून तूप-जायफळाचा वास आहे, आई आणि लेक दोघी झोपल्यात, पण मला हे लिहून ठेवल्याशिवाय झोप यायची नाही, कारण ह्या एका घाण्यापर्यंत यायला मला आठ महिने लागलेत.

आमचं डोंबिवलीतलं स्वयंपाकघर म्हणजे सरळ एक ओटा, साडेसहा फुटांचा. त्यात शेगडी, सिंक, फिल्टर, मिक्सर हे सगळं मांडून झालं की दोन-सव्वादोन फूट जागा उरते, तिथेच पोळ्या लाटायच्या आणि तिथेच भाजी चिरायची. ओव्हन घ्यायचं ठरलं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं २८ लिटरचा घे, छोटा घेऊन पस्तावशील. मी टेप घेऊन ओटा मोजला आणि १९ लिटरचा घेतला, आणि अजूनही मला तेच बरोबर वाटतं. नुसतं ओव्हनचं माप धरून चालत नाही, मागे आणि दोन्ही बाजूंना चार बोटं तरी मोकळी हवीत, वरती काही ठेवायचं नाही, आणि दार खाली उघडतं म्हणून पुढेपण जागा सोडावी लागते. चार माणसांच्या घराला एवढा पुरतो. फक्त पोळ्या सगळ्या आधी उरकायच्या आणि मगच ओव्हन पुढे ओढायचा, हा आमच्या घरचा नियम झालाय.

प्लगचं मात्र आधी कुणी सांगितलं नव्हतं. ओव्हन १३०० वॅटचा, त्याचा प्लग जाड पिनांचा, आणि ओट्याजवळचं सॉकेट साधं ६ अँपिअरचं. नवरा म्हणाला एक्स्टेंशन लावू, मी नाहीच म्हटलं. १३०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेपाच अँपिअरच्या वर जातं आणि एवढा करंट स्वस्तातल्या एक्स्टेंशनमधून तास-पाऊण तास गेला की वायर गरम होते, आणि तीही कुठे, तर सिंकशेजारी. शेवटी वायरमन बोलावून १६ अँपिअरचं वेगळं सॉकेट करून घेतलं, जाड वायर थेट बोर्डापासून ओढून. खर्च झाला, पण त्याच्याशिवाय मी हे बटण एकदापण दाबलं नसतं. आणि तरीही गीझर चालू असताना ओव्हन लावत नाही.

पहिल्यांदा रिकामाच तापवला, त्यात नवेपणाचा धूर येतो तो निघून जाऊ दिला, खिडकी उघडी ठेवून. मग लेकीच्या वाढदिवसाचा रवा केक केला. १८० वर, ४० मिनिटं, सगळं पुस्तकातल्यासारखं. वरून काळपट झाला आणि मधे सुरी घातली तर ओलं पीठ चिकटून आलं. लेक काही बोलली नाही, कडेकडेचा केक खाल्ला तिने, आणि मला रात्रभर ते लागून राहिलं.

त्यानंतर मी ओव्हनच्या आत ठेवायचा थर्मामीटर आणला आणि मशीनसमोर स्टूल टाकून बसले. तेव्हा कळलं की आपण १८० लावतो म्हणजे आत सतत १८० असतं असं नाहीच. रॉड लाल होतात, टिक असा आवाज येतो, रॉड विझतात, जरा गार झालं की परत लाल. आमच्यात काटा कधी दोनशेच्या पुढे जायचा तर कधी १६० पर्यंत उतरायचा. त्यात मागचा उजवा कोपरा सगळ्यात कडक. आणि केकचा डबा वरच्या रॉडपासून जेमतेम दोन-तीन इंचांवर, मग वरचा थर करपणार नाही तर काय होणार. दार उघडून डोकावलं की सगळी हवा बाहेर, परत रॉड लाल. मग डबा खालच्या जाळीवर ठेवायला लागले, वर रंग आला की फॉइल झाकायची, अर्ध्या वेळेला ट्रे फिरवायचा. बटर पेपर कडेने बाहेर लोंबू द्यायचा नाही, रॉडला लागला तर पेटेल. केक जमायला लागला. नानकटाई काही जमेना, एकाच ट्रेमधे चार करपलेल्या आणि चार कच्च्या.

आणि मला तर नानकटाईच हवी होती.

मिरजेला लहानपणी मे महिन्यात आम्ही मैदा, रवा, डालडा, साखर पिशवीत भरून आणि पत्र्याचा मोठा डबा सायकलच्या कॅरिअरला बांधून बेकरीत जायचो. ते लोक तिथेच मळून, वळून, भट्टीत भाजून द्यायचे. पण गेल्या गेल्या नाही. आधी त्यांचे पाव व्हायचे, पाव निघाले की मग घरच्या लोकांच्या नानकटाया, आणि सगळ्यात शेवटी टोस्ट. मी आणि आई बाकावर बसून वाट बघायचो. तेव्हा मला वाटायचं आपला नंबर शेवटी लावतात, त्याचा रागपण यायचा.

आई गेल्या आठवड्यात आली तेव्हा तिला ओव्हन दाखवला, ती टिकटिक ऐकवली. ती दहा मिनिटं नुसती बघत बसली आणि म्हणाली, "अगं ह्याला अंगच नाही. नुसता पत्रा हाय. भट्टी विटांची असते, एकदा तापली की विझवली तरी तापलेलीच राहते. पाव कडक आचेवर होतो, नानकटाईला उतरती आच लागते, म्हणून तर आपल्याला थांबवायचे."

आणि मग विचारलं, "तुला तो बिडाचा तवा दिलेला, तो कुठंय?"

तो तवा माझ्या लग्नात तिने दिलेला, धिरड्यांचा. जड म्हणून मी नॉनस्टिक वापरते आणि तो सिंकखाली मागे पडलेला होता. काढला, घासला, हलकासा गंज होता तो तेल लावून काढला. आई म्हणाली भाताच्या पातेल्याखाली तवा सरकवतो की आपण, तसंच, आच सरळ लागू द्यायची नाही. तवा सगळ्यात खालच्या जाळीवर ठेवला (रॉडवर नाही), त्याच्या वरच्या जाळीवर ट्रे. तापायला दहा मिनिटांऐवजी पंचवीस लागली, पण त्यानंतर थर्मामीटरचा काटा जो स्थिर राहिला तो मी आठ महिन्यांत बघितला नव्हता. दार उघडून ट्रे आत सरकवला तरी काटा लगेच वर आला. खालच्या रॉडची झळ आधी तव्याला लागते, तवा ती सावकाश सगळीकडे वाटतो.

प्रमाण लिहून ठेवते. मैदा १५० ग्रॅम, बेसन ५०, साजूक तूप ११०, पिठीसाखर १००, चिमूटभर सोडा, वेलची, जायफळ. तूप घट्टसर असावं, पातळ झालं तर नानकटाया पसरतात. तूप-साखर हलकी होईपर्यंत फेटायची, पीठ फक्त गोळा होण्यापुरतं एकत्र करायचं, मळायचं नाही. १६० वर १७-१८ मिनिटं. बाहेर काढल्यावर मऊ लागतात म्हणून अजून भाजायच्या नाहीत, गार झाल्यावर घट्ट होतात. एका वेळी बाराच बसतात, म्हणून तीन घाणे केले, शेवटचा पावणेदहाला निघाला.

आई उद्या जाणार. पहिली नानकटाई तिने उलटी करून खालची बाजू बघितली, नखाने हलकं टोकरलं, मग खाल्ली. म्हणाली, "बेकरीतल्यासारखी आली." लेकीने पाच खाल्ल्या. गाडीत न्यायला आईचा डबा भरून ठेवलाय.

ओव्हन बंद करून पाऊण तास झाला, आत्ता उघडून हात नेला तर आत तवा अजून चांगला कोमट आहे. सुकं खोबरं किसून ताटलीत पसरलं, तव्यावर ठेवलं आणि दार लावून घेतलं, सकाळच्या चटणीला होईल.