खांदशेकणीची संध्याकाळ

आज खांदशेकणी, पोळ्याचा आदला दिवस. बैलांच्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप-हळद लावली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हटलं आणि हात न धुताच दादाच्या खोलीत आलो, कारण त्याचं चित्र अर्धं राहिलंय अन् त्याला हळदीचा नेमका रंग पाहायचा होता.

दादा झाडावरून पडला त्याला सात वर्षं झाली. मानेत मज्जारज्जूला मार बसला, तेव्हापासून हातपाय हलत नाहीत, कळतही नाही. मानेखाली घामसुद्धा येत नाही, म्हणून आपल्याकडच्या मे महिन्यात ओलं फडकं अंगावर ठेवावंच लागतं, नाहीतर ताप चढतो. दर दोन तासांनी कूस बदलायची, हे घरातल्या लहान पोरीलाही पाठ आहे.

चित्र तो तोंडानं काढतो. ब्रशला बांबूची कमची बांधून लांब केलाय, दातात धरायच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, आधी नुसतं लाकूड चावून चावून जबडा ठणकायचा त्याचा. मान फिरते तेवढीच जागा, जेवायच्या ताटाएवढी, मग कागद मी सरकवतो. कुठं सरकवायचा ते डोळ्यानं सांगतो, तोंडात ब्रश असतो ना.

मोबाईलवर त्यानंच मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलोचं वाचलं. १९२५ मध्ये १८ व्या वर्षी बसचा अपघात झाला, मग पडल्या पडल्या काढता यावं म्हणून पलंगावर बसणारा ईझल, म्हणजे चित्र टेकवायचा स्टँड, करून घेतला, वर आरसा, त्यात पाहून ती स्वतःला काढायची. १९५३ च्या प्रदर्शनात तर ती पलंगावरच होती. मला वाटलं आता हाही स्वतःचं चित्र काढणार, तर म्हणे, "माह्यं तोंड काय पाहाचं, मले गोठा दिसला पाह्यजे." मग जुन्या कपाटाचा आरसा खिडकीच्या गजाला तिरपा बांधला. आरशात बैल उलटा दिसतो, डाव्या अंगाचा उजवा, पण आपला बैल जुवाला कोणत्या अंगानं चालतो हे दादाला कोणी सांगायची गरज नाही, त्यानं सरळच काढला.

लोक येतात, त्याच्या तोंडाचा व्हिडिओ काढतात, "बिचारा" म्हणतात अन् जातात. चित्र कोणी पाहतच नाही. मला खरंच लय राग येतो. जुवानं घासून टणक झालेली ती कातडी, तिथं उलटे बसलेले केस, ते पाहा ना जरा!

आज काढणं थांबवून म्हणाला, "दुरून दाखव." चित्रकार दोन पावलं मागं जाऊन पाहतात, याला जाता येत नाही, मग चित्र घेऊन मीच मागं जातो. दारापर्यंत गेलो. "अजून मांगं." ओसरीत गेलो. डोळे बारीक करून कितीतरी वेळ पाहत होता.

"तुह्या हात धर बाजूले."

धरला.

"हयद कमी पडली रे."

उद्या बैल धुवायच्या आधी तेवढं करून घ्यायचंय.