ऐंशी नंबरचं कोडं: 'एन' की रोमन चार?

लागला एकदाचा छडा! मागच्या पोस्टपासून ज्या पितळी ऐंशी नंबरवर (पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश फ्यूज, म्हणजे तोफगोळ्याच्या टोकावरचं, गोळा कधी फुटायचा ते ठरवणारं यंत्र) आपली डोकेफोड चालली होती, की हा नेव्हीचा आहे का, त्याच्या बॉडीवरचा तो अर्धवट ठसा वाचता आला, फक्त उत्तर मला हवं होतं ते, म्हणजे नेव्हीचं, नाही आलं.

टाईम रिंगवरचे (वेळ लावायच्या फिरत्या कडीवरचे) ० ते २२ आकडे स्वच्छ आहेत, 'केपीझेड ९६/०४' पण वाचता येतं, म्हणजे क्रुप या जर्मन शस्त्र कंपनीच्या पेटंटवरचं ब्रिटिश डिझाईन, यात वादच नाही. (याच पेटंटसाठी नगामागे १ शिलिंग ३ पेन्स रॉयल्टी द्या म्हणून क्रुपने युद्ध संपल्यावर विकर्स या ब्रिटिश कंपनीकडे तगादा लावला आणि १९२६ मध्ये ४०,००० पौंडांवर मिटवलं. ज्यांच्यावर गोळे डागले त्यांनीच बिल पाठवायचं, कमाल आहे.)

गाडी अडली ती नंबरच्या शेजारी. तिथे एक उभी रेघ, तिला लागून एक तिरकी, मग तिसरीचा नुसता बुडखा, आणि वरचा अर्धा भाग कुणीतरी पान्याने खरवडलेला. आता बघा, 'एन' असेल तर नेव्हल सर्व्हिस (लँडला 'एल', दोघांना कॉमन असेल तर 'सी'), आणि रोमन चार असेल तर नुसता मार्क चार, म्हणजे त्याच डिझाईनची चौथी आवृत्ती, आणि गंमत अशी की झिजलेला रोमन चार आणि झिजलेला 'एन' खालून बघितले तर सेम टू सेम, कारण दोन्हींत तिरकी रेघ तळाशी शेवटच्या रेघेला जाऊन मिळते. विक्रेत्याने 'नेव्हल' म्हणून विकला होता, पण विक्रेते पितळ दिसलं की नेव्हलच म्हणतात. वर मेटल पॉलिशने लख्ख करून दिलेला. कृपा करून पॉलिश लावू नका रे, निम्मे ठसे त्यातच जातात!

भिंग, टॉर्च, पातळ कागदावर पेन्सिल घासून, सगळं झालं, काही नाही. शेवटी दातांचा साचा घेतात ते पातळ सिलिकॉन आणलं. अप्रतिम वस्तू आहे, घट्ट पुट्टीवाल्यापेक्षा जास्त बारकावा उचलते. साचा उलटा येतो त्यामुळे खोदलेली रेघ उंचवटा होते, आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरली की सावलीच सगळं सांगते. पहिल्या रेघेला तळाशी दोन्ही बाजूंना बारीक पाय आहे, आणि तिचा ठसा डावीकडे खोल, उजवीकडे उथळ. पुढच्या दोन रेघांचं नेमकं उलटं. एकाच पंचाने (अक्षर ठोकायच्या छिन्नीने) 'एन' मारला असता तर कल एकच आला असता ना? म्हणजे पंच दोन, एक 'आय' आणि एक 'व्ही'. तिसऱ्या रेघेचा बुडखा पण किंचित उजवीकडे झुकलेला आहे, उभा नाही. झालं, मार्क चार.

अर्थात याने तो जहाजावर गेलाच नाही असंही ठरत नाही. ३ इंची २० हंड्रेडवेट विमानविरोधी तोफ जहाजांवरही होती आणि जमिनीवरही, आणि तिच्या श्रॅपनेलला (हवेत फुटून आतल्या गोळ्या उधळणाऱ्या तोफगोळ्याला) ऐंशी नंबर चालायचाच. पण नेव्हलच्या कप्प्यात ठेवायला मन घेत नाही.

माझ्याकडचे बाकीचे दोन फ्यूज, एक जर्मन आणि एक अमेरिकन, सोपे गेले. जर्मनवर गरुडाखाली 'एम', म्हणजे क्रीग्समरीनेने (हिटलरच्या काळातल्या जर्मन नेव्हीने) पास केलेला, आणि 'बीएमव्ही' कोड म्हणजे राइनमेटल-बोर्झिगचा झॉमर्डा कारखाना. अमेरिकनवर मार्क आणि मॉड (आवृत्ती आणि तिच्यातला बदल, ही तिकडच्या नेव्हीची पद्धत) दोन्ही आकडे स्पष्ट, त्यामुळे आर्मीच्या 'एम' नंबरांशी घोळ नाही.

आणि हो, हे सगळे 'एफएफई' (फ्री फ्रॉम एक्स्प्लोझिव्ह, म्हणजे स्फोटक नसलेला) मारलेले, आतून रिकामे दिसणारे नग आहेत. ज्याची खात्री नाही त्याला साचा बिचा काही लावू नका, हातही नको, सरळ पोलिसांना कळवा.

आता पुढचा बेत मेकरच्या ठशावर आरटीआय (माहिती अधिकार नव्हे, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग) करायचा होता, म्हणजे कॅमेरा जागेवर ठेवून दिवा फिरवत फोटो काढायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये प्रकाश हवा तसा वळवायचा. पण लिहिता लिहिता सुचलं की त्याआधी पंचच जुळवून बघावेत, या 'व्ही'च्या डाव्या टोकाला एक छोटी चीर आहे, तीच चीर दुसऱ्या एखाद्या मार्क चारवर सापडली आणि त्याचा मेकर वाचता येत असेल तर माझं काम तिथेच होतं. तेव्हा ज्यांच्याकडे मार्क चार आहे त्यांनी आडव्या उजेडात त्या 'व्ही'चा क्लोजअप टाका, फोनचा मॅक्रो पुरेल. आरटीआयचं नंतर बघू.