तेरचे संग्रहालय आणि पांढरीवरची माणसे

आपल्याकडील पुरातत्त्वाची बरीचशी संग्रहालये एखाद्या मोठ्या उत्खननानंतर किंवा एखाद्या संस्थानिकाच्या संग्रहातून उभी राहिली. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय या दोन्ही वाटांनी आलेले नाही. तेरणा नदीच्या काठावर वसलेल्या या गावात नांगरताना, घराचा पाया खणताना किंवा पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाची, माती शेतात टाकायला नेताना जे जे हाती लागे, ते ते लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवले आणि पुढे तो संग्रह शासनाच्या ताब्यात आला. हजारो वस्तूंच्या या संग्रहामागे ज्यांचे हात आहेत, त्यांपैकी बहुतेकांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. तेरच्या संग्रहालयाने लोकांसाठी कोणते उपक्रम करावेत, याचा विचार करताना माझे मन दर वेळी या अनाम माणसांपाशी येऊन थांबते.

तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या मार्गदर्शिकेत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे. तगरहून साधे कापड, तलम मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाई, असेही त्यात नोंदले आहे. हे तगर म्हणजे नेमके कोणते गाव, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी जुन्नरपासून धारूरपर्यंत अनेक नावे सुचवली. ते तेरच आहे, हे पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले आणि त्यानंतर लवकरच पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांनी इथली विटांची देवळे आणि टेकाडे पाहून त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. कोकण आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे पुढे कित्येक शतके ‘तगरपुरवराधीश्वर’, म्हणजे श्रेष्ठ तगर नगरीचे स्वामी, हे बिरुद अभिमानाने लावत राहिले. आज शाळकरी मुलाला तेर माहीत असते ते संत गोरोबाकाकांमुळे, आणि त्यात वावगे काहीच नाही.

संग्रहालयात गेल्यावर बहुतेक पाहुणे हस्तिदंताच्या स्त्रीमूर्तीपाशी रेंगाळतात. दागिन्यांनी मढलेली ही लहानशी मूर्ती आरशाची मूठ असावी, असे अनेक अभ्यासकांना वाटते. तिच्या घराण्यातली म्हणावी अशी, ‘पाँपेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाणारी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली, आणि ते शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले असल्यामुळे त्या काळापूर्वीच हे काम समुद्रापार पोचले होते, एवढे निश्चित होते. जालना जिल्ह्यातील भोकरदनच्या उत्खननातही याच जातीची हस्तिदंती मूर्ती निघाली. ‘पाँपेईची लक्ष्मी मराठवाड्यात घडली’ असे छातीठोकपणे सांगण्याचा मोह या दोन्ही गावांना होतो. तो आवरावा, असे मला वाटते. नात्याचा पुरावा भक्कम आहे, जन्मस्थळाचा नाही.

माझा स्वतःचा वेळ मात्र हस्तिदंतापेक्षा पांढऱ्या, बारीक पोताच्या केओलिन मातीच्या मूर्तींपुढे अधिक जातो. या मूर्ती दोन साच्यांत केलेल्या असतात. पुढचा अर्धा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, आणि मग दोन्ही ओले असतानाच एकमेकांना चिकटवलेले. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ आणि वजनाला हलकी. समोरून पाहिले की केशरचना आणि कानातली कर्णभूषणे दिसतात. बाजूने पाहिले तर कानामागून खांद्यावर उतरणारी सांध्याची रेघ दिसते, आणि एखाद्या मूर्तीत ती रेघ नीट घासून पुसलेली नसते. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराने त्या दिवशी जरा घाई केली, याचा इतका उघड पुरावा राजाच्या शिलालेखातही मिळत नाही. मण्यांचेही तसेच आहे. अकीकाच्या लांबट मण्याला दोन्ही टोकांकडून भोक पाडत आणत, आणि उजेडासमोर धरल्यास ती दोन भोके मधोमध किंचित चुकून भेटलेली दिसतात. अर्धवट घडलेले, मध्येच फुटलेले मणी मांडलेले असले की मी आवर्जून थांबतो, कारण काम इथेच चालत होते हे तेच सांगतात. तयार मणी कोठूनही येऊ शकतो. रोमन नाण्यांची नक्कल करून मातीत उठवलेली, गळ्यात ओवण्याजोगी पदकेही इथे सापडली आहेत. खरे सोन्याचे नाणे परवडत नसलेल्या कोणाची तरी ती हौस असावी, हा माझा अंदाज.

आता अडचणीचा भाग. जमिनीत नेमक्या कोणत्या थरात, कशाशेजारी वस्तू पडली होती, हे कळले तरच पुरातत्त्वज्ञाला तिचा काळ आणि उपयोग ठरवता येतो. तेरला शास्त्रीय उत्खननेही झाली. चापेकरांच्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि इथे मिळालेली विटांची हौदवजा बांधकामे कापड रंगवण्यासाठी असावीत, असे मानले जाते. ‘पेरिप्लस’मधल्या कापडाच्या गाड्यांशी ते चांगले जुळते. उत्खननातल्या फुटक्या खापरालाही थर, खोली आणि शेजार असतो. वेचलेल्या सुंदर मूर्तीला यांतले काहीच नसते, आणि तिचे वय ठरवायचे तर दुसरीकडे थरात सापडलेल्या तशाच मूर्तीकडे पाहावे लागते. लामतुरे यांनी गोळा केले नसते तर यातल्या बहुतेक वस्तू मातीत मिसळल्या असत्या, मुलांच्या खेळात हरवल्या असत्या किंवा बाजारात गेल्या असत्या, हे मान्यच आहे. तरीही आजच्या तरुणाला ‘तुम्हीही असेच वेचा’ असे संग्रहालयाला सांगता येणार नाही. ज्या सवयीतून संग्रहालय जन्मले, ती सवय मोडण्याचे काम त्यालाच करावे लागते, आणि तेही वेचणाऱ्या जुन्या माणसांचा मान राखून. इथल्या लोकोपक्रमांतली खरी कसोटी ही आहे.

संग्रहालयांचे वार्षिक वेळापत्रक साधारण ठरलेले असते: १८ मे रोजी आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह. शहरांत हे ठीक आहे. मराठवाड्यात मे महिन्याच्या मध्यावर शाळा बंद असतात आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. नोव्हेंबरात रब्बीच्या पेरण्यांमुळे शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. पांढरीवर मणी, नाणी आणि शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात ते पावसाने टेकाडाच्या उतारावरची माती वाहून गेल्यावर. म्हणून माझ्या मते गावकऱ्यांसाठीचा मुख्य कार्यक्रम भाद्रपद-आश्विनात, वस्तू जमिनीवर दिसत असताना टेकाडाच्या पायथ्याशी व्हावा आणि मग सगळ्यांनी संग्रहालयात यावे. रांगोळी आणि निबंध स्पर्धा कोठेही घेता येतात. पावसाने धुतलेली पांढर दाखवण्याची सोय फार थोड्या संग्रहालयांना आहे.

तिथे काय सांगावे? वस्तू दिसली तर ती उचलण्याआधी जागेवरच फोटो काढावा, जवळ एखादी काडी किंवा पट्टी ठेवावी, म्हणजे आकार कळतो. शेताचा गट क्रमांक, किती खोलीवर मिळाली, माती काळी होती की राखेसारखी, सोबत विटा किंवा खापरे होती का, एवढे लिहून संग्रहालयाला कळवावे. मोबाइल प्रत्येक घरात आहे, त्यामुळे यात अवघड काही नाही. अवघड आहे ती भीती. जुने काही सापडले असे सांगितले तर सरकार जमीन घेईल, चौकशी मागे लागेल, ही समजूत खेड्यापाड्यांत खोलवर रुजलेली आहे, आणि म्हणूनच वस्तू मुकाट्याने माजघरात जातात किंवा भंगारवाल्याकडे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. पण त्याच कायद्यात सापडणाऱ्याच्या आणि जमीनमालकाच्या हक्काचाही विचार केलेला आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने अशा वस्तू परदेशी नेण्यावर निर्बंध घातले आणि त्यांचा व्यापार परवान्याखाली आणला. ही माहिती सोप्या मराठीत, अधिकाऱ्याच्या तोंडून पारावर बसून सांगितली गेली, तर दहा फलकांपेक्षा अधिक काम होईल. वस्तू आणून देणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने मांडणीतल्या पाटीवर आले, तर आणखी.

आणि गोरोबाकाका. चैत्र वद्यात त्यांच्या पुण्यतिथीला तेरला यात्रा भरते आणि इतर वेळी संग्रहालयाकडे कधी न फिरकणारी माणसे गावात असतात. थापटण्याने संतांची डोकी ठोकून कोणते मडके कच्चे हे ठरवल्याची कथा यातल्या प्रत्येकाला पाठ असते. अशा लोकांपुढे एका मेजावर नोंदीबाहेरची सातवाहनकालीन खापरे मांडून ठेवावीत. भाजणी पक्की झालेले खापर नखाने ठोकले की खणखणते, कमी भाजलेले बद्द वाजते, आणि कडेला मधोमध काळा पट्टा दिसला तर भट्टीची धग आतपर्यंत पोचली नव्हती, हे कुंभारकाम जाणणाऱ्या वारकऱ्याला कोणी शिकवावे लागणार नाही. उलट एखादा म्हातारा कुंभार हातातल्या काठाच्या तुकड्यावरून मडक्याचे तोंड केवढे होते ते बोटांनी हवेत दाखवेल, आणि ते मोजून घ्यायला संग्रहालयाच्या कोणीतरी जवळ वही घेऊन बसलेले असावे.