कूनाचे खांब आडवे झालेत, तरीही जा

चित्रकार एमिली कारची चित्रं पाहून कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या हैडा ग्वाई बेटांवर निघणाऱ्यांनी हे आधीच ऐकून ठेवा: तिने चितारलेले कूना गावचे कोरीव लाकडी खांब (टोटेम पोल) आता ताठ उभे नाहीत. आमच्या बुकिंगवाल्याने पाठवलेल्या फोटोंत सगळे उभे, रंगीत खांब होते. ते निघाले दुसऱ्याच गावचे.

मुख्य भूमीवरच्या प्रिन्स रूपर्टहून बेटांवरच्या स्किडगेटची फेरी सात-आठ तासांची, त्यात काही अवघड नाही. अवघड आहे ती पुढची छोटी रबरी बोट. कमशेवाच्या खाडीत पाणी शांत असतं, पण खाडीचं तोंड आलं की हेकेट सामुद्रधुनीचा वारा अंगावर येतो. तिथला समुद्र उथळ, म्हणून लाटा आखूड आणि उभ्या. बोट दर लाटेवर आदळते, दोर धरून हात बधिर होतात. पुढे अजिबात बसू नका, सगळा मार तिथेच बसतो. कंबरेचं दुखणं असेल तर हा बेतच सोडा. बोट सकाळचीच घ्या. आणि पावसाचे कपडे, गमबूट भाड्यात धरलेत का, हे लेखी घ्या. आमच्याकडून धक्क्यावर त्याचे वेगळे पैसे उकळले, आणि तिथून परत कोण फिरणार!

एवढं सोसून कूनाला, म्हणजे नकाशावरच्या स्कीडन्सला, पाय ठेवला आणि सगळा राग विरला. १८६२च्या देवीच्या साथीत इथल्या मूळ रहिवासी हैडा लोकांचा संहार झाला, या गावातले उरलेले पुढे स्किडगेटला गेले. कार १९१२मध्ये एका हैडा जोडप्याबरोबर आली तेव्हाही गाव ओसच होतं. आज हैडा राखणदार तुम्हाला पांढऱ्या शिंपल्यांनी आखलेल्या वाटेवरून नेतात. ती वाट सोडायची नाही, खांबाला हात लावायचा नाही. खांब मातीत मिसळू द्यायचे हा त्यांचा निर्णय आहे. एका आडव्या खांबावर शेवाळाखालून कोरीव डोळ्याची कड दिसत होती आणि त्याच्याच पाठीवर झाडाचं रोप रुजलेलं. पुढे चित्रकार लॉरेन हॅरिसने कारला खांब सोडून जंगलाकडेच बघायला सुचवलं. तिच्या १९३०नंतरच्या चित्रांतलं ते घड्या पडत जाणारं हिरवं मला इथे कळलं, पुस्तकातल्या छापील चित्रांतून ते कधीच कळलं नव्हतं.

कारच्या ‘बिग रेव्हन’ या चित्रातला कावळा शोधायला मात्र कमशेवा गावी जाऊ नका, तो तिथे नाही. ते चित्र तिने १९३१मध्ये, १९१२च्या जलरंगावरून केलं. ते व्हँकुव्हर आर्ट गॅलरीच्या संग्रहात आहे, पण नेहमी भिंतीवर असेलच असं नाही. आधी फोन करा.

उभेच खांब बघायचे असतील तर मुख्य भूमीवरच्या गिटान्याओ गावी जा. कारने तिथे १९२८मध्ये चित्रं काढली. महामार्ग १६ सोडून ३७वर वीसेक किलोमीटर, गाडी थेट गावात जाते. दोन्हीपैकी एकच जमणार असेल आणि पाठ धड असेल, तर कूनाच.