बर्फावरचं सँपल

आजोबांच्या दोन्ही पायांवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके उठले होते. हिरड्या जांभळ्या पडून सुजल्या होत्या, गुडघा टम्म. प्लेटलेट नॉर्मल, रक्त गोठण्याच्या तपासण्याही नॉर्मल. पत्नी गेल्यापासून सात-आठ महिने ते चहा-टोस्ट आणि वरणभातावरच राहत होते. डॉक्टरांनी स्कर्व्हीची, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या आजाराची, शंका घेऊन रक्तातलं क जीवनसत्त्व मोजायला सांगितलं.

ही तपासणी आमच्या लॅबमध्ये क्वचितच येते, म्हणून तुलनेसाठी मी माझंही रक्त काढून घेतलं. रक्ताचे दोन्ही बल्ब, म्हणजे नळ्या, वॉर्डातून खाली यायचे होते. बर्फाचं सांगायला मीच विसरले. मे महिना. बल्ब अडीच तास काउंटरवर उजेडात पडून राहिले.

रीडिंग आलं. १०० मिलीमागे आजोबांचं ०.१ मिलिग्रॅम, माझं ०.३. ०.२ च्या खाली गेलं की कमतरता धरतात. पण रोज लिंबू पिळून जेवणारी मी, आणि मीही त्याच काठावर? तिथेच पोटात गोळा आला. उकाड्यात क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण होतं आणि आमच्या डाय पद्धतीत, म्हणजे क जीवनसत्त्व रंग किती घालवतं ते बघण्याच्या पद्धतीत, ते दिसेनासं होतं. आजोबांचा आकडा रोगाचा की उन्हाळ्याचा, हे मला सांगता येईना. असा रिपोर्ट मी सही करून देणार नव्हते.

वॉर्डात जाऊन डॉक्टरांना म्हटलं, "सर, क जीवनसत्त्वाची गोळी थोडी थांबवा." एक डोस पोटात गेला की रक्तातला आकडा लगेच चढतो, मग खरं काय ते कळत नाही. आजोबा हात मागे घेत म्हणाले, "पोरी, आणखी किती रगत काढशील?" मी माफी मागितली. त्यांनी हात पुढे केला.

या वेळी बल्ब बर्फात, वर काळा कागद. लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा केला आणि त्यात क जीवनसत्त्व टिकवणारं मेटाफॉस्फोरिक आम्ल. माझं १.१ आलं. आजोबांचं ०.१ च्याही खाली.

लघवीतही तेच दिसलं. आम्ल घातलेल्या नमुन्यात डायचे थेंब सोडले, तर दुसऱ्याच थेंबाला गुलाबी रंग टिकला, म्हणजे तो घालवायला क जीवनसत्त्व जवळजवळ नव्हतंच. रक्तातच नाही म्हटल्यावर मूत्रपिंड खाली काय सोडणार? गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस लघवीत जेमतेमच उतरत होतं, शरीर सगळं धरून ठेवत होतं. आठव्या दिवशी मी थेंबामागून थेंब सोडत गेले. गुलाबी रंग पडायचा आणि विरून जायचा. डायची नळी, ब्युरेट, अर्धं रिकामं झालं तरी टिकेना. तेव्हा वर फोन केला. सिस्टर म्हणाल्या, आजोबा आज पेरू मागतायत, दातांनी चावून खायला.