मार्गय्याची पत्र्याची पेटी

आमच्या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ बसत असत. पुढ्यात पत्र्याची पेटी, तिच्यावर शाईचे डाग पडलेली लिहिण्याची फळी आणि भोवती उकिडवे बसलेले चार-पाच शेतकरी. आतल्या कारकुनाला जे विचारण्याचा धीर होत नसे, ते सगळे प्रश्न या झाडाखाली विचारले जात. पुढे आर. के. नारायण यांची ‘द फायनान्शियल एक्स्पर्ट’ ही १९५२ सालची कादंबरी वाचायला घेतली, तेव्हा पहिल्याच प्रकरणात हे गृहस्थ मला पुन्हा भेटले. तिथे झाड मात्र वडाचे होते, समोर जमिनीच्या तारणावर कर्ज देणारी भूतारण बँक होती, गाव नारायण यांच्या कल्पनेतले मालगुडी होते आणि गृहस्थांचे नाव होते मार्गय्या, म्हणजे मार्ग दाखवणारा.

माझ्या पिढीतल्या बहुतेकांना मालगुडी ठाऊक झाले ते दूरदर्शनमुळे. शंकर नाग यांनी कर्नाटकातल्या आगुंबे येथे चित्रित केलेली ती मालिका पाहताना हे गाव खरोखर कुठेतरी असणार, याविषयी आम्हां मुलांना शंकाच नव्हती. कादंबऱ्या वाचल्यावर मात्र मालिकेतल्या गोडव्यापेक्षा वेगळे काहीतरी हाती लागले. नारायण यांच्या लेखनाला प्रसन्न म्हणतात आणि ते आहेच; पण त्या प्रसन्नतेचा उगम माणसांच्या चांगुलपणात आहे, असे मला वाटत नाही. मार्गय्या लोभी आहे, मानापमानाच्या बाबतीत हळवा आहे आणि मुलाच्या लाडापायी आंधळा आहे. तो लाडका बाळू एके दिवशी बापाची हिशेबाची वही गटारात फेकून देतो आणि झाडाखालचा धंदा बसतो. मग मार्गय्या पैशाच्या मागे लागतो, ते कामशास्त्रावरचे एक बाड छापण्यापर्यंत. छापखान्याचा मालक त्या पुस्तकाला ‘डोमेस्टिक हार्मनी’, म्हणजे गृहसौख्य, असे सोज्ज्वळ नाव देतो, आणि ज्याच्या स्वतःच्या घरात सौख्याचा पत्ता नाही तो मार्गय्या त्यावर श्रीमंत होतो. नारायण इथे हसतात, पण मार्गय्याला हिणवत नाहीत. लेखकाचे हे हसणे मला फार मोलाचे वाटते.

‘द मॅन-ईटर ऑफ मालगुडी’मध्ये (१९६१) नटराज या मुद्रकाच्या दर्शनी खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही टेकता यावे म्हणून खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे एक कवी कृष्णचरित्र लिहीत असतो, एक पत्रकार नेहरूंवर टीका करत असतो, आणि काम देणारे गिऱ्हाईक यांपैकी कोणीच नसते. मालगुडीतला सलोखा तो हाच. एकमेकांवर फारसे प्रेम नसले, तरी बसायला जागा करून द्यायची.

ही दृष्टी सुखवस्तू आयुष्यातून आलेली नव्हती. नारायण यांची पत्नी राजम १९३९ साली विषमज्वराने गेली, तेव्हा मुलगी अगदी लहान होती, आणि त्या दुःखातूनच १९४५ ची ‘द इंग्लिश टीचर’ लिहिली गेली.

माझी एक तक्रार मात्र आहे. १९३८ च्या ‘द डार्क रूम’मध्ये नवऱ्याच्या बाहेरख्यालीपणाला कंटाळून घर सोडणारी सावित्री अखेर मुलांच्या ओढीने परत येते, आणि घर पूर्ववत चालू लागते. इथे सगळे मार्गी लागल्याचे समाधान मला मिळत नाही, कारण सावरून घेण्याचा सारा भार एकट्या तिच्यावर पडतो. नारायण यांनी तो लपवलेला नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

मार्गय्याचेही शेवटी दिवाळे निघते. भरमसाट व्याजाच्या आमिषाने ठेवी ठेवणारे लोक एका अफवेसरशी दारात गर्दी करतात आणि होते-नव्हते ते सारे जाते. आजारी मार्गय्या अंथरुणातूनच बाळूला सांगतो, की ती जुनी पेटी घे आणि वडाखाली जाऊन बस. लोक काय म्हणतील, या विचाराने मुलगा कचरतो. त्यावर बाप त्रागा करत नाही. तू जाणार नसशील तर बरा झालो की मीच जाईन, असे म्हणून तो नातवाला आपल्याकडे आणायला सांगतो, कारण त्याच्यावाचून त्या घरात करमेनासे झालेले असते.